एकेरी तुरा, निळं अंडं

ईश्वरी सपकाळला कोंबडीचं तोंड दाखवायचं आणि तिनं अंड्याचा रंग सांगायचा, हा आंबेघोळच्या सोमवारच्या बाजारातला ठरलेला खेळ होता. हरणाऱ्यानं भजी द्यायची. गेल्या आठ महिन्यांत ईश्वरीनं भजी विकत घेऊन खाल्ली नव्हती.

“शेपूट नाही, कानांवर पिसांचे झुपके. अरौकाना. निळं.”

“आणि ही?” रुक्सार विचारायची. रुक्सार मुलाणी ही पहिलीपासूनची मैत्रीण, एकाच बाकावरची, आणि या खेळातली पंच.

“दाढी, गलमिशा, पाय पाटीसारखे करडे. अमेरौकाना, हेही निळं. पलीकडची शेंडीवाली लेगबार, तुरा एकेरी असूनही ती आकाशी घालणार. पायांना पिसं असलेली काळी ती मारान, तिचं चॉकलेटी.”

“बरं, ही टोपलीतली?”

“ही आपली मिसळ. हिच्या आजीच्या खुराड्यात कोण शिरलं होतं ते देवालाच ठाऊक. पण तुरा बघ की. बसका, तीन ओळींचा, वाटाण्याच्या शेंगेसारखा. हिरवट निळं घालणार. काय काकू, बरोबर ना?”

“हिला स्थळं बघायला बसवा रे कुणीतरी,” कोंबडीवाल्या काकू म्हणायच्या, आणि भजी यायची.

ही लांबलांबची नावं कोयनेच्या या खोऱ्यात आली ती एका रिसॉर्टमुळे. पाहुण्यांच्या न्याहारीला रंगीत अंडी हवीत म्हणून मालकानं देशोदेशीच्या कोंबड्या आणवल्या होत्या. रिसॉर्ट पाच वर्षांत बंद पडलं. कोंबड्या मात्र कुठं जाणार? त्या गावरान कोंबड्यांत मिसळून गेल्या आणि खोऱ्यातल्या घराघरांत रंगीत अंडी निघू लागली. लोकांना त्याचं फार कौतुक नव्हतं. कालवण सगळ्यांचं एकाच रंगाचं होतं.

मग धाप आली. कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी आडवी. एकेका वाडीतली खुराडी रिकामी झाली, पण काही पाखरं हटकून वाचली. सरकारी पशुवैद्य डॉ. वैजयंती हेरवाडकर शाळेत आल्या आणि फळ्यापुढं उभं राहून त्यांनी त्याचं कारण सांगितलं.

“कोंबडीचं कवच मुळात पांढरं. तपकिरी रंग हा अंडं बाहेर पडायच्या आधी शेवटच्या काही तासांत वरून मारलेला हात. कवच फोडून आतून बघा, पांढरंच दिसेल. निळ्याचं तसं नाही. तो कवच तयार होतानाच त्यात मुरतो, म्हणून आतबाहेर सारखा. आता हा निळा आला कुठून? शेकडो वर्षांपूर्वी एक विषाणू कोंबडीच्या पेशीत शिरला आणि तिच्या जनुकांमध्ये अडकून बसला. त्याच्या धक्क्यानं शेजारचं जनुक भलत्याच जागी जागं झालं, आणि पित्तात असतो तो निळा-हिरवा रंग कवचात उतरायला लागला. पिढ्यान् पिढ्या.”

“मग तो विषाणू आजारी नाही पाडत?” ईश्वरीनं विचारलं होतं.

“तो आता घरचाच झालाय. उलट धाप त्याच्याच भाऊबंदांपैकी. ती दाराशी आली की हा जुना आतून कडी लावतो. म्हणून निळं अंडं घालणाऱ्या कोंबडीला धाप होत नाही.”

हिवाळ्यात धाप परत येणार हे नक्की होतं. त्याआधी खोऱ्यात फक्त निळ्या वाणाची पाखरं ठेवायची असा आदेश निघाला. निळ्याच्या पायात निळं कडं, बाकीची गाडीत घालून मारायला न्यायची. पण निळं कोण हे ठरवायचं कसं? प्रत्येकाचं रक्त तपासायला प्रयोगशाळेत चार-चार महिन्यांची रांग. अंडं दाखवा म्हटलं तर लोकांनी कपड्यांच्या निळीत बुडवलेली अंडी आणली, एकानं तर बदकाचं. शिवाय कोंबडा अंडं घालत नाही, आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, त्यांचं काय? म्हणून चेहरा वाचणारं यंत्र तयार झालं. दिसायला फोनसारखं, पाठीला जाड भिंग. नाव ‘पारखी’. बाईच्या आवाजात बोलायचं, म्हणून गावात पारखीबाई.

पारखी तुरा बघायची. का, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. “निळ्या अंड्याचं जनुक आणि बसक्या तुऱ्याचं जनुक म्हणजे एका बाकावरच्या मैत्रिणी समजा. येतात-जातात बरोबर. शंभरात तीन-चार वेळा मात्र बाक बदलतो.” ईश्वरीनं रुक्सारला कोपरानं ढोसलं होतं. तीन-चार वेळांचं तिनं वहीत लिहून घेतलं नाही.

पारखीला शिकवलं ते चाळीस शाळांतल्या मुलांनी. लोकांनी पाठवलेले फोटो पडद्यावर यायचे: घरट्यातली कोंबडी आणि तिच्याजवळचं अंडं. खाली तीन बटणं. निळा वाण, निळा नाही, माहीत नाही. दहावीपर्यंत वर्गात हात वर न करणारी, उत्तर येत असूनही खाली बघत बसणारी ईश्वरी या कामात अशी काही सुटली की विचारू नका. एका फोटोला चार सेकंद. सहा हजार फोटो. तिनं वर कळवलं की ‘माहीत नाही’ हे आळशी लोकांचं बटण आहे, ते काढून टाका. काढलं. कोंबड्या एकमेकींच्या घरट्यात अंडी घालतात हे तिला घरचंच ज्ञान, त्यावरून तिनं एक नियम लिहून पाठवला: तुरा एकेरी असेल, करवतीसारखा, आणि लेगबारची शेंडी नसेल, तर शेजारचं निळं अंडं दुसरीचं धरावं. तोही लागू झाला. ईश्वरी ‘मुख्य पारखी’ झाली. डिसेंबरात हैदराबादला पाच राज्यांच्या लोकांपुढं तिचं भाषण ठरलं. आता ती वर्गात हात वर करायची तो खाली घ्यायलाच विसरायची.

गुरुवारी पथक आंबेघोळात आलं. सपकाळांच्या अकराही कोंबड्यांना कडी मिळाली. तांबडा-सोनेरी कोंबडा सरदार, जो पिलू असताना ईश्वरीच्या फ्रॉकच्या खिशात राहायचा, त्याचा बसका तुरा भिंगापुढं आला तशी पारखी म्हणाली, “निळा वाण. खात्री सत्त्याण्णव टक्के.” ईश्वरीनं त्याच्या मानेवरून असा हात फिरवला की जणू बक्षीस तिलाच मिळालंय.

मग शेजारचं अंगण, मुलाण्यांचं. रुक्सारच्या अम्मी, फरीदाचाची, डालगं उचलून बाजूला झाल्या. खाली कलेक्टरीण बसली होती. तपासणीला आल्यासारखी पाय उचलून चालते म्हणून रुक्सारनं ठेवलेलं नाव. लालभडक एकेरी तुरा. भोवती तिच्याच सात तलंगा, सगळ्यांचे तुरे करवतीसारखे.

“निळा वाण नाही,” पारखी म्हणाली. “खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.” मग तेच आणखी सात वेळा.

“मॅडम, ही निळी घालते,” फरीदाचाची म्हणाल्या. “घरात खाल्लीत आम्ही.”

“आत्ता एखादं आहे?”

“आत्ता कुठलं? खुडूक झालीय ती. तीन आठवडे दगडावर बसलीय अंडं समजून. खुडूक कोंबडी काय अंडं घालते का?”

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. अंगणात पंधरावीस माणसं जमली होती. “मुख्य पारखी, तुझं काय म्हणणं?”

सगळ्या माना ईश्वरीकडं वळल्या. तिला ते आवडलं, हे खरं आहे.

“एकेरी तुरा, शेंडी नाही. दुसऱ्या कुठल्यातरी कोंबडीनं येऊन घातलेलं असणार, मॅडम. होतं तसं.”

“ईशे,” रुक्सार हळूच म्हणाली, “तू आमच्यात जेवलीयेस तिचं अंडं.”

“खाल्लं की. घालताना कुठं बघितलं?”

लोक हसले. डॉक्टरांनी पाटीवर आठ आकडा लिहिला. गाडी शनिवारी सकाळी येणार होती.

शुक्रवारी रुक्सार खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. ईश्वरीनं तीन तास पाय हलवत काढले. पेन उघड, बंद कर. सरांनी प्रश्न विचारला तेव्हा हात वर केला आणि उत्तरच आठवेना. मधल्या सुट्टीत रुक्सार आली आणि डब्याच्या झाकणात एक कवच ठेवून उभी राहिली.

“मोगऱ्याच्या कुंडीतलं, खताला टाकलेलं. आतून बघ.”

आतून निळं. बोथट टोकाला एक जाड वळी होती, मनगटावर बांगडी वर सरकावी तशी.

“तिच्या प्रत्येक अंड्याला असते ही.”

“पण रुकू, दुसरी एखादी...”

“कोण दुसरी? मागच्या साली बंदी होती. दोन महिने सगळ्या गावाची पाखरं कोंडलेली, तुमचीसुद्धा. आमच्यात मामूनं आणलेली ही एकटी. मग घालून कोण गेली? पाटणवरनं एसटीनं आली?”

“तू कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस?”

घरी आल्यावर ईश्वरीनं दप्तर न काढताच जुन्या नोंदी उघडल्या. बंदीच्या महिन्यांतले आंबेघोळचे फोटो. सापडायला वेळ लागला नाही. एकेरी तुरा, डालगं, मागं मोगऱ्याची कुंडी, आणि पुढ्यात वळीचं निळं अंडं. फोटो काढणारी: रुक्सार मुलाणी. नोंद करणारी: ईश्वरी सपकाळ. शेरा: दुसरीचं. वेळ: चार सेकंद. पंधरा पावलांवरच्या घरातला फोटो, आणि तिनं कुंडीकडंसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग ती शोधतच गेली. एकेरी तुरा आणि निळं अंडं असे तिनं दुसरीच्या नावावर टाकलेले फोटो एकशे त्रेचाळीस निघाले. यातले खरोखर दुसरीचे किती? तिला सांगता येईना. तिच्या नियमानं बाकीच्या मुलांनी टाकलेले वेगळे, हजाराच्या वर. म्हणजे शेंडी नसलेली एकेरी तुऱ्याची कोंबडी निळं अंडं घालू शकते हे पारखीला आजवर कुणी एकदाही सांगितलं नव्हतं. तरी ती अठ्ठ्याण्णव टक्के म्हणत होती. ही एवढी खात्री आली कुठून, ते ईश्वरीला आता चांगलंच कळलं. ती तिचीच होती.

आई ओट्याशी घेवडा निवडत होती. ईश्वरी दारात गेली, परत आली, पाणी प्याली, परत दारात गेली.

“काय मांजर झालंय का पायात? बस की जरा.”

ईश्वरीनं सगळं सांगितलं.

“मग जाऊन सांग डॉक्टरीणबाईस्नी.”

“सांगितलं की माझ्या सगळ्या नोंदी रद्द. हैदराबाद गेलं.”

“बरं.”

“बरं काय? आणि मैत्रिणी बाक बदलतात ते दोन्हीकडून. एकेरी तुरा असून निळं असेल, तर बसका तुरा असून नसेलही. मग तुऱ्यावर दिलेली कडी परत तपासणार. आपल्या कोंबड्या घालतात, त्यांचं मी दाखवीन. सरदार काय दाखवणार? कोंबड्याकडं काय असतं तुऱ्याशिवाय?”

आईनं एक शेंग मोडली, किडकी निघाली, टाकून दिली. “त्याच्याकडं नुसता तुरा हाय,” ती म्हणाली. “तिच्याकडं अंडं व्हतं.”

शनिवारी सकाळी ग्रामपंचायतीपुढं गाडी उभी होती. जाळीच्या पेट्यांत पाखरं भरून झाली होती. कलेक्टरीण सगळ्यात वरच्या पेटीत, बाहेर माना काढणाऱ्या तलंगांवर डाफरत. फरीदाचाची पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. रुक्सार ईश्वरीकडं बघत नव्हती.

ईश्वरीनं हात वर केला. रस्त्यात, वर्गात करावा तसा. मग तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलं, पण हात तसाच राहिला.

“बोल,” डॉक्टर म्हणाल्या.

“मॅडम, माझं चुकलं.” तिनं कवच पुढं केलं. बंदीचं सांगितलं, कुंडीचं, चार सेकंदांचं. मध्ये दोनदा अडखळली, एकदा आकडा चुकला, तो सुधारून घेतला. “पारखीला मीच शिकवलंय असं. एकशे त्रेचाळीस नोंदी माझ्या. नियम माझा, म्हणून बाकीच्याही माझ्याच.”

डॉक्टरांनी कवच उन्हात धरलं, वळीवरून नख फिरवलं.

“काय सांगावं, हिच्या पणजीला लेगबारची शेंडी असेल. शेंडी गेली, निळं राहिलं,” त्या म्हणाल्या. “पाखरं उतरवा.” मग आवाज खाली करून, “तुझ्यावर रागवायचं म्हटलं तर मला आधी माझ्यावर रागवावं लागेल. तीस वर्षं पाखरं बघतेय. सोळा वर्षांच्या पोरीनं शंकेचं बटण काढा म्हटलं, आणि मला काम लवकर उरकायचं होतं, म्हणून मी काढलं. नोंदी तू स्वतः मागं घेशील?”

“हो.”

“हैदराबादला मग काय बोलणार?”

“बोलावलं तर हेच.”

गर्दीतून वरच्या वाडीच्या सिंधूबाई पुढं आल्या. हातात रिकामं डालगं होतं. “आमच्या तीन बुधवारीच नेल्या. एकेरी तुऱ्याच्या,” त्या म्हणाल्या. “त्या आता माघारी येणार का?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. सिंधूबाई उत्तराची वाट बघत तिथंच उभ्या राहिल्या. पेट्या उतरवून झाल्या तरी उभ्याच होत्या.

मुलाण्यांच्या आठ पाखरांना बारीक जाळीत तीन आठवडे ठेवायचं ठरलं. घातलेलं प्रत्येक अंडं घालताना कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. फरीदाचाचींनी कलेक्टरणीची खुडूक मोडायला घेतली: दगड काढला, नाकपुड्यांतून पीस ओवलं, ओल्या जमिनीवर डालग्याखाली कोंडून घातली. कलेक्टरणीनं चार दिवस साऱ्या आळीला शिव्या दिल्या.

“पाहणी मी करते,” ईश्वरी म्हणाली.

“कर,” रुक्सार म्हणाली. “पण बघायचं तर पूर्ण बघ.”

शाळेच्या आधी, शाळेनंतर, रविवारी दिवसभर ईश्वरी जाळीशी बसू लागली. चार सेकंदांत ठरवणाऱ्या मुलीला एका कोंबडीकडं तासभर बघणं म्हणजे शिक्षाच. तिच्या पायांना मुंग्या यायच्या. ती उठायची, बसायची, गणितं सोडवायची, परत बघायची. पहिल्या आठवड्यात रुक्सार कामापुरतं बोलली. दुसऱ्या आठवड्यात एकदा न विचारता चहा आणून ठेवला, आणि तो पितेय का हे न बघता निघून गेली. दोन तलंगा अंड्यावर आल्या. पहिलीचं निघालं साधं, पांढुरकं. ईश्वरीनं तेही लिहिलं, आणि रुक्सारनं तिचं लिहिणं खांद्यावरून वाचलं. दुसरीचं निळं होतं.

सोळाव्या दिवशी, रविवारी, भर दुपारी कलेक्टरीण पाय उचलत घरट्याशी गेली. गवत चोचीनं इकडचं तिकडं केलं. बसली. ईश्वरीनं श्वास धरला, सोडला, परत धरला. चाळीस मिनिटं गेली. मग कलेक्टरीण अर्धवट उठली, मान ताठ केली, आणि गवतावर एक अंडं आलं. ओलं, चकाकणारं, निळं. बोथट टोकाला वळी.

“कुणाचं?” मागून रुक्सारनं विचारलं.

“हिचं.”

“बघितलंस?”

“बघितलं.”

त्याच संध्याकाळी पारखीची नवी आवृत्ती आली. सगळ्यांची कडी रद्द झाली होती, आणि ज्यांनी त्यांनी आपापल्या पाखरांची नोंद परत करायची होती. ईश्वरी यंत्र घेऊन मुलाण्यांच्या पायरीशी उभी राहिली. आपल्या अकरा कोंबड्यांची नोंद तिनं अंड्यांच्या फोटोंसकट केली. मग पडद्यावर सरदार आला. बसका तुरा, तीन ओळी, वाटाण्याच्या शेंगेसारखा.

सरदार खरा तिच्या पायाशीच होता, चपलेच्या पट्ट्याला चोच मारत. चेहऱ्यावरून तो निळ्या वाणाचा होता. शंभरात शहाण्णव-सत्त्याण्णव वेळा असतो तसा. पडद्यावर तीन बटणं होती आता. पहिलं दाबलं तर कडं परत मिळणार होतं, आणि कुणी काही म्हणणार नव्हतं. तिसरं दाबलं तर नाव रक्ततपासणीच्या रांगेत. निकाल काय येईल कुणास ठाऊक, आणि वाईट आला तर गाडी.

“ईशे, कितीदा बघशील त्याच्याकडं?” पायरीवरून रुक्सार म्हणाली. “काय आहे तो?”

चार सेकंद कधीच होऊन गेले होते. ईश्वरीनं खाली वाकून सरदारला उचललं, काखेत धरलं, आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं ‘माहीत नाही’ दाबलं.

रुक्सार थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. मग पायरीवर बाजूला सरकली. दोघींना आणि एका कोंबड्याला पुरेल एवढी जागा झाली.